अटॅकनंतरची तपासणी: स्ट्रेस थॅलियम करायची की कार्डियाक एमआरआय? माझा अनुभव

अटॅक आला, स्टेंट पडला, घरी आलो, दीड महिन्याने टूडी इको केला तर ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) जरा कमी. डॉक्टर म्हणाले स्नायूला रक्त कसं पोचतंय आणि किती स्नायू जिवंत आहे ते एकदा बघून घेऊ, थॅलियम करा नाहीतर एमआरआय करा, तुम्हाला जमेल ते. आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता "जमेल ते" म्हणजे काय करायचं माणसाने? तुम्ही सध्या त्याच बाकावर बसून फोन चाळत असाल तर हे तुमच्यासाठी. मी आधी एक केली आणि मग दुसरीही करावी लागली. डॉक्टर नाहीये मी, बँकेत नोकरी करतो, त्यामुळे हे सगळं टेबलावर आडवं पडलेल्या माणसाच्या बाजूने.

आधी थॅलियम. नावाला थॅलियम, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आता टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात (किरण सोडणारं औषध, रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि मशीन त्याचे फोटो काढतं), पण नाव चिकटलं ते चिकटलं. चांगल्या गोष्टी खरंच आहेत हां. मशीन उघडं, आवाज जवळजवळ नाही, श्वास रोखायची कटकट नाही, आणि हे रिपोर्ट रोजच्या रोज वाचणारे डॉक्टर सहज मिळतात. रेडिएशनची भीती घालणारे भेटतील, साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास असतं म्हणजे निसर्गातून आपल्याला चार वर्षांत मिळतं तेवढं एका दिवसात, चोपन्नाव्या वर्षी मी त्याचं टेन्शन घेतलं नाही, पंचविशीतला पेशंट असता तर कदाचित घेतलं असतं.

वैताग म्हणजे पूर्ण दिवस जातो. इंजेक्शन, थांबा, फोटो, परत इंजेक्शन, परत थांबा. मधल्या वेळात लिव्हर आणि आतड्यातलं औषध खाली सरकावं म्हणून तेलकट खायला सांगतात. ज्या हॉस्पिटलच्या डाएटिशियनने महिन्यापूर्वी मला तळणाचं नाव काढू दिलं नव्हतं, त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मला "दोन समोसे खाऊन या काका" सांगितलं. खाल्ले. अटॅकनंतरचे पहिले समोसे, तेही डॉक्टरी सल्ल्याने.

पण हे सगळं चाललं असतं. नडला तो रिपोर्ट. माझा अटॅक खालच्या भिंतीचा, इन्फिरिअर वॉल म्हणतात ती. ही भिंत टेकलेली असते डायफ्रामवर, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्यावर, आणि पुरुषांमध्ये, त्यात पोट सुटलेलं असेल तर जास्तच, डायफ्राम तिथले किरण अडवतो आणि फोटोत ती जागा फिकी दिसते. बायकांमध्ये हाच घोळ छातीमुळे पुढच्या भिंतीवर होतो. म्हणजे नेमकी ज्या जागेबद्दल प्रश्न होता त्याच जागेवर सावली. टेक्निशियनने मला पालथं झोपवून परत फोटो काढले (फ्रोझन शोल्डर असलेल्या माणसाला दोन्ही हात डोक्यावर घेऊन, मोजून बघा किती वेळ जमतं) आणि तरी रिपोर्टमध्ये आलं की खालच्या भिंतीत फिकेपणा आहे, जुना व्रण असू शकेल किंवा डायफ्रामची सावली असू शकेल, क्लिनिकली बघा. अरे मग मी कशाला आलो होतो? क्लिनिकली बघणाऱ्यानेच तर पाठवलं होतं ना! आता सोबत सीटी असलेलं मशीन असतं तर ही सावली बरीचशी दुरुस्त करता येते असं नंतर कळलं, त्यामुळे सगळा दोष तपासणीला देत नाही. पण आपल्याला आधी कोण सांगतं कुठलं मशीन आहे ते.

मग एमआरआय. इथे दंडातून गॅडोलिनियम नावाचं, फोटोत उठून दिसणारं औषध सोडतात आणि ते हृदयाच्या भिंतीत शिरताना एकेक ठोक्याला फोटो काढतात, जिथे रक्त उशिरा पोचतं तिथे काळी कड दिसते. मुद्दा बारकाईचा आहे. हृदयाची भिंतच जेमतेम सेंटीमीटरभर जाड, आणि थॅलियमच्या फोटोची बारकाईही तेवढीच, त्यामुळे भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर वेगळा कळत नाही. एमआरआयला दोन-तीन मिलीमीटर दिसतं. आणि रक्त कमी पडलं की आधी आतला थर मरतो. पुन्हा थॅलियममध्ये एक भाग दुसऱ्या भागाशी ताडून बघतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर फोटो सगळीकडे सारखाच आणि वरवर बरा दिसू शकतो.

त्रास इथेही आहे, खोटं कशाला बोलू. चोवीस तास चहा बंद, कारण स्ट्रेससाठी, म्हणजे न पळवता हृदयाच्या नळ्या रुंदावून बघण्यासाठी, अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध देतात आणि चहा-कॉफीने त्याचा परिणाम मारला जातो (थॅलियमलाही हेच, आणि दम्यासाठी डेरिफायलिन चालू असेल तर आधी सांगाच). पाऊण तास बोगद्यात, कानावर हेडफोन, त्यातून "सांस लो, छोडो, रोको", असं किमान तीस-चाळीस वेळा, शेवटी शेवटी मी रोकोच्या आधीच रोकत होतो. आणि मग अ‍ॅडेनोसिन सुरू झालं. छातीवर ओझं, घशाशी आवळल्यासारखं, चेहरा गरम. ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याला हे ओझं ओळखीचं असतं. हातात रबरी फुगा दिलेला असतो, दाबला की थांबवतात, माझा अंगठा त्याच्यावर होता पण दाबला नाही. तीन-चार मिनिटं. ड्रिप बंद केली आणि मिनिटभरात सगळं ओसरलं, ते औषध रक्तात काही सेकंदच टिकतं.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी परत फोटो, त्यात मेलेला स्नायू पांढरा चमकतो. २००० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासापासून ढोबळ हिशेब असा की पांढरं भिंतीच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी असेल तर तो भाग सुधारायची आशा बरी, जास्त असेल तर कमी. माझ्या रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं होतं, खालच्या भिंतीत व्रण आहे, जाडीच्या पाव भागापेक्षा कमी, स्ट्रेसमध्ये दुसरीकडे कुठे रक्त कमी पडत नाही. असू शकेल वगैरे काही नाही. डॉक्टरांनी गोळ्याच पुढे चालू ठेवल्या. मिट्रल व्हॉल्व्हमधून (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) किती रक्त मागे येतं तेही त्याच बैठकीत मोजून झालं, ते बोनस.

माझ्या एकट्याचं काय धरायचं म्हणाल तर इंग्लंडात लीड्सला ७५२ पेशंट घेऊन दोन्ही तपासण्या अँजिओग्राफीशी ताडून बघितल्या होत्या, २०१२ मध्ये छापून आलं. ब्लॉकेज असलेल्या दर १०० जणांत एमआरआयने ८६ च्या वर पकडले, थॅलियमवाल्या पद्धतीने साधारण ६६. विनाकारण घाबरवण्यात दोघं जवळपास सारखेच.

तरी प्रत्येकाला एमआरआयच करा म्हणणार नाही. किडनी बरीच खराब असेल, जुना पेसमेकर असेल, ठोके फारच अनियमित असतील, किंवा लिफ्टमध्येही जीव घाबरतो अशातले तुम्ही असाल तर थॅलियमला जा, आणि शक्यतो सीटीवालं मशीन शोधा. नुसता स्टेंट आहे म्हणून मात्र अडू नका, मला तिघांनी सांगितलं होतं की आता आयुष्यात एमआरआय नाही, तसं काही नसतं, स्टेंटचं कार्ड घेऊन जायचं आणि दाखवायचं. मला एमआरआय काही हजारांनी महाग पडला. पण आधी थॅलियम केली नसती तर स्वस्तच पडला असता.

एक गोष्ट फोनवरच विचारून घ्या, तुमच्याकडे अ‍ॅडेनोसिन देऊन स्ट्रेस करता का नुसता साधा कार्डियाक एमआरआय. मी ज्या पहिल्या सेंटरला गेलो तिथे स्ट्रेस करतच नव्हते आणि हे मला चोवीस तास चहा सोडून, गाऊन घालून बसल्यावर कळलं.