लायका थ्री-एफवर दुसऱ्या कंपनीच्या लेन्स: कॅनन ५० एफ १.८ आणि ज्युपिटर-८, दीड वर्ष वापरून

आधी निकाल सांगते, म्हणजे घाई असलेल्यांचं काम होईल. जुन्या आट्यांच्या (म्हणजे लेन्स स्क्रूसारखी फिरवून बसवायच्या) लायकासाठी एकच पन्नासची लेन्स घ्यायची असेल तर कॅननची ५० मिमी एफ १.८ घ्या, फक्त आतली काच दुधाळ झालेली नाही ना हे टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ज्युपिटर-८ मला मनापासून जास्त आवडते, पण ती लायकाच्या रेंजफाइंडरशी (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायची कॅमेऱ्यातली यंत्रणा) जुळेलच असं नाही, आणि नाही जुळली तर काय करायचं हे माहीत असेल तरच घ्या. आता सविस्तर.

कॅमेरा मामांचा. लायका थ्री-एफ, दादरच्या घरी माळ्यावर चामड्याच्या केसमध्ये वर्षानुवर्षं पडून होता. मामा म्हणाले, घेऊन जा तू, माझ्याच्याने आता ते बारीक भिंगातून बघवत नाही. बॉडी धडधाकट निघाली, सर्व्हिसिंग केल्यावर शटर अगदी मऊ वाजायला लागलं, पण त्यावरची एल्मार लेन्स मात्र गेली होती. मुंबईचे इतके पावसाळे आणि बंद चामड्याची केस, दुसरं काय होणार, बुरशीने कोटिंग खाऊन टाकलं होतं, साफ करूनही काचेवर जाळ्याच्या खुणा तशाच राहिल्या. (कोणाकडे जुना कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये असेल तर आजच बाहेर काढा. चामडं ओल धरतं. मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ते जेल वाळवते.)

मग लेन्स शोधायला लागले. लायकाची स्वतःची जुनी समिक्रॉन बघितली, तर तेवढ्या पैशात कॅनन आणि ज्युपिटर दोन्ही येऊन वर रोलला पैसे उरतात. आणि हे काही आजचं नाही बरं का, दुसऱ्याची लेन्स लायकावर लावणं ही फार जुनी रीत आहे. १९५० मध्ये लाइफ साप्ताहिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता, तिथे जुन मिकी नावाच्या जपानी फोटोग्राफरने निकॉरच्या ८५ मिमी लेन्सने त्याचा फोटो काढून दाखवला, डंकन तो बघून इतका थक्क झाला की निप्पॉन कोगाकूच्या (म्हणजे आजच्या निकॉनच्या) कारखान्यात जाऊन लेन्स तपासून आला आणि त्याच वर्षी कोरियाच्या युद्धात लायकावर निकॉर लावून फिरला. जपानी काचेचं नाव जगात झालं ते तिथून. कॅननचा तर आणखी गंमतशीर इतिहास, १९३६ चा त्यांचा पहिला हान्सा कॅनन आला तेव्हा त्यावरची लेन्स निकॉरच होती.

हे सगळं शक्य होतं ते आट्यांमुळे. ३९ मिमी व्यास, इंचाला २६ आटे, आणि लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत २८.८ मिमी अंतर. हे माप लायकाने रुळवलं, मग जपान्यांनी उचललं, रशियातल्या झोर्की आणि खारकिवच्या फेड कॅमेऱ्यांनीही जवळपास तेच ठेवलं. पण नुसते आटे जुळले म्हणून लेन्स चालते असं समजू नका, इथे बरेच जण फसतात. आपल्याकडे जुन्या बाजारात झेनिटच्या लेन्स सापडतात, त्यातल्या सुरुवातीच्या ३९ मिमीच्याच आहेत, छान फिरून बसतात, पण त्या एसएलआरसाठी (लेन्समधूनच आरशावाटे बघायच्या कॅमेऱ्यासाठी) म्हणजे ४५.२ मिमी अंतरासाठी बनवलेल्या, रेंजफाइंडरवर फोकसच होणार नाहीत. तसंच जुने स्टुडिओ बंद होताना एनलार्जरच्या लेन्स विकायला येतात, त्यांचेही बहुतेक वेळा तेच आटे, आणि त्यांना तर फोकसची रिंगच नसते. विकणारा म्हणेल "लायका फिटिंग आहे मॅडम". तर लेन्स उलटी करून मागे बघा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे एक धातूची रिंग असते, फोकस फिरवला की ती पुढे-मागे सरकते आणि कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला जे छोटं चाक आहे त्याला ढकलते, त्यावरून कॅमेऱ्याला कळतं की लेन्स किती अंतरावर आहे. ती रिंग नसेल तर पुढचं बोलणंच नको.

आता कॅनन. या लेन्सची पहिली आवृत्ती १९५१ ची, तेव्हा नाव सेरेनार होतं. हिरोशी इतो यांचं डिझाइन, गॉस पद्धतीचं म्हणजे पुढे-मागे काचांची जवळपास सारखी मांडणी असलेलं, चार गटांत सहा काचा. गॉस लेन्सना पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) जो धुरकट कोमा, म्हणजे कडेच्या ठिपक्यांना शेपटी फुटल्यासारखा दोष, यायचा तो त्यांनी यात बराच आटोक्यात आणला, आणि हे फोटोत खरंच दिसतं. माझी नंतरची, काळ्या-चंदेरी रंगाची आहे. एफ १.८ ला मधला भाग स्वच्छ, कडा जरा मऊ, एफ ४ ला सगळं कडक. एचपी-५ या कृष्णधवल फिल्मवर पहाटे मंडईत काढलेले फोटो आहेत माझ्याकडे, मेथीच्या जुड्यांची पानं न् पानं मोजता येतात आणि मागे बल्बखाली बसलेल्या मावशींच्या चेहऱ्यावर सावलीतही तपशील आहे. काँट्रास्ट आजच्या लेन्सपेक्षा कमी, त्यामुळे भर दुपारच्या उन्हात सावल्या एकदम काळ्या होत नाहीत, आपल्या उन्हासाठी मला हे फार सोयीचं वाटतं.

पण माझ्याकडे आलेली पहिली कॅनन ही नव्हती. पहिली एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, वर्णनात लिहिलेलं "काच स्वच्छ, थोडी धूळ", वर कस्टम ड्यूटीही भरली, आणि पहिला रोल धुतला तर प्रत्येक फोटोवर जणू दुधाची साय. टॉर्च मारल्यावर दिसलं, ॲपर्चरच्या पात्यांच्या लगेच मागची काच धूसर. या लेन्सचा हा ठरलेला आजार आहे, आतल्या वंगणाची वाफ त्या काचेवर बसते. लवकर साफ केलं तर निघते, फार वर्षं राहिली तर काचच खाल्ली जाते आणि मग कोणीही काही करू शकत नाही. माझी दुसऱ्या प्रकारातली होती. परत पाठवायच्या पत्रव्यवहारात दीड महिना गेला, पैसे अर्धेच मिळाले, फार मनस्ताप झाला तेव्हा. म्हणून सांगते, विक्रेत्याकडे समोरून काढलेला सुंदर फोटो मागू नका, ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या ती लेन्स.

अजून एक बारीक गोष्ट, कॅननचा फिल्टर ४० मिमीचा आहे आणि ज्युपिटरचा ४०.५. अर्ध्याच मिमीचा फरक पण एकमेकांचे फिल्टर बसत नाहीत, पिवळा फिल्टर घेताना मी माप बघितलं नाही आणि दोनदा पैसे गेले.

आता माझी लाडकी ज्युपिटर-८. ही मुळात झाइसची सोनार, लुडविग बेर्टेलेंनी झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली पन्नास एफ २, युद्धानंतर झाइसचं ज्ञान आणि काच सोव्हिएत रशियात गेली आणि क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ही बनायला लागली. माझ्या लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे ५९, म्हणजे १९५९ ची. यातही सहाच काचा, पण त्या एकमेकींना चिकटवून तीनच गट केलेले. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रत्येक वेळी थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, गॉसमध्ये अशा आठ जागा, सोनारमध्ये सहाच. कोटिंग नव्हतं त्या काळात हा फार मोठा फायदा होता. ॲल्युमिनियमची असल्यामुळे हाताला एकदम हलकी. ॲपर्चर रिंगला टकटक थांबे नाहीत, हात लागला की सरकते, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी नजर टाकावी लागते. समोरून सूर्य आला तर पांढुरका पडदा येतो, हूड लावाच.

आणि फोटो? आजीचा एक आहे, दाराशी बसून तांदूळ निवडतानाचा, एफ २ ला. डोळे आणि चष्म्याची काडी अचूक, कानापर्यंत येताना सगळं हळूहळू विरघळत जातं, मागचा अंगणातला प्रकाश मऊ गोळे होऊन राहिलाय. कॅननने त्याच जागी काढलेला फोटो तांत्रिकदृष्ट्या जास्त बरोबर आहे, तरी घरात सगळ्यांनी ज्युपिटरचाच निवडला.

पण हा फोटो यायच्या आधी तीन रोल वाया गेले. जवळून काढलेले सगळे पोर्ट्रेट किंचित हललेले वाटायचे, मी शटर स्पीड वाढवत राहिले, मग कळलं की फोकस चेहऱ्यावर नसून कानावर आहे. कारण असं की लायकाचा रेंजफाइंडर पन्नासच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ५१.६ मिमी धरून चालतो, आणि सोनारच्या घराण्यातली ज्युपिटर ५२.४ च्या आसपास आहे. लांबवर काही फरक पडत नाही, पण एक मीटरवर, म्हणजे तिच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर, फोकस साधारण तीन सेंटिमीटर मागे जातो. एफ २ ला तिथे सगळी मिळून चार-साडेचार सेंटिमीटरच जागा शार्प असते, त्यातली अर्धी मागे, म्हणजे चूक सरळ दिसते. एफ ५.६ ला झाकली जाते.

तुमची लेन्स कशी आहे ते तपासायचं असेल तर मी केलं ते सांगते. लांबचं आधी: गच्चीवरून सिंहगडाचा टॉवर बघितला, लेन्स अनंतावर ठेवून रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक बसतात का. त्या नीट बसल्या तर बॉडी ठीक. मग जेवणाच्या टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे केले, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा तीन सेंटिमीटर मागे, वर नंबरच्या चिठ्ठ्या, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर एक मीटरवर, मधल्या तीन नंबरवर रेंजफाइंडर जुळवायचा आणि लेन्स पूर्ण उघडी. कॅननमध्ये तीन नंबर शार्प आला, ज्युपिटरमध्ये चार नंबर. दहा फ्रेममध्ये काम होतं, अख्खा रोल लागत नाही. झोर्की-४ असेल तर तेवढंही नको, त्याचं मागचं झाकण पूर्ण निघतं, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबून ठेवू तोवर उघडं राहतं ती खूण) उघडं धरा आणि डोळ्यांनीच बघा. थ्री-एफचं मागच्या बाजूचं काही उघडतच नाही, फिल्म खालून भरायची आणि तीही पुढची जीभ दहा सेंटिमीटर लांब कापून, नाहीतर आत अडकते.

उपाय दोन. फुकटचा उपाय म्हणजे रेंजफाइंडर नाकाच्या शेंड्यावर जुळवायचा, डोळे आपोआप फोकसमध्ये येतात. हसू नका, खरंच चालतं, आजीचा फोटो असाच काढलाय. पक्का उपाय म्हणजे लेन्सच्या काचांचा ठोकळा आणि फोकसची नळी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, तिची जाडी वाढवायची. एक मीटरवरची चूक भरून काढायला साधारण ०.१ मिमी लागतं, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढं! इतक्याशा फरकाने तीन रोल गेले माझे. मात्र मग उलट बाजूला लांबचा फोकस २७ मीटरच्या आसपास थांबतो, त्यामुळे डोंगर-दऱ्या काढताना एफ ४ किंवा त्याहून बंद ठेवायचं. मला ही लेन्स माणसांसाठीच हवी आहे म्हणून हा सौदा मंजूर आहे. हे काम घरी करू नका, जुने रेंजफाइंडर उघडणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि त्याला सांगा की अंतर जवळचं साधायचंय, नाहीतर तो चांगुलपणाने अनंतावर जुळवून देईल आणि तुम्ही जिथे होता तिथेच.

एम मालिकेतल्या बॉडी, म्हणजे १९५४ चा एम-३ आणि नंतरचे, ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही या दोन्ही लेन्स चालतात, मध्ये एक मिमी जाडीची ॲडॅप्टर रिंग लागते कारण तिथे अंतर २७.८ आहे. रिंग घेताना पन्नासची मागा, कारण फाइंडरमध्ये कुठली चौकट उमटणार ते रिंगवर ठरतं. आणि स्वस्तातली घेऊ नका, जाडी चुकली की वरचं सगळं फोकसपुराण परत सुरू.

सध्या कॅमेऱ्यावर कॅनन आहे. ज्युपिटर मागच्या आठवड्यात चकती बदलायला दिलीये, दुरुस्तीवाले काका म्हणाले दहा दिवस लागतील. आली की आधी टेबलावरचे सेल, मग सिंहगडाचा टॉवर, आणि मग दादरला जाऊन मामांचा फोटो काढायचाय, त्यांच्याच कॅमेऱ्यातून.