मर्ज, व्हॉट्सअ‍ॅप की डायल-इन: चार-पाच जणांना एका कॉलवर आणायचं तर

समजा, घरात साखरपुड्याची तारीख ठरवायची आहे. आजोबा गावी, हातात बटणाचा फोन. मामा कोल्हापुरात, आत्या ठाण्यात, ताई दुबईत आणि सगळ्यांना जमवायची जबाबदारी पुण्यात बसलेल्या तुमच्यावर. पर्याय तीन: फोनमधलं मर्जचं बटण, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉल किंवा नंबर फिरवून कोड टाकायची डायल-इन सेवा. सगळ्यांचे आवाज नेमके कुठे एकत्र होतात, यात तिघांचा खरा फरक आहे. पैसे कुणाचे जाणार आणि कुणाचा फोन बंद पडला की सभा मोडणार, हे त्यावरूनच ठरतं.

मर्ज दाबल्यावर आपला फोनच आवाज एकत्र करतो, असं पुष्कळांना वाटतं. फोन फक्त नेटवर्कला तसं सांगतो. टूजीत हे काम कंपनीच्या एक्स्चेंजमधला कॉन्फरन्स ब्रिज करतो, तर फोरजीवरच्या व्होल्टे कॉलमध्ये नेटवर्कमधला मीडिया सर्व्हर. प्रत्येकाला बाकीच्यांच्या आवाजाची बेरीज जाते, त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला असतो. तो वगळला नाही, तर आपलंच वाक्य क्षणभर उशिरा आपल्या कानावर आदळेल. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंत मात्र एका साध्या कॉलइतकाच आवाज जातो-येतो, पलीकडे दोघं असोत की पाच. आणि आजोबांच्या बाजूने पाहिलं तर तो नेहमीसारखा आलेला फोन. हिरवं बटण दाबलं की झालं.

हीच मर्जची खरी ताकद. ज्याचा फोन वाजतो, तो सभेला हजर. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सिमवर आता असा बिनडेटाचा पॅक असू शकतो. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्नच येत नाही.

बदल्यात सगळा भार जमवणाऱ्यावर येतो. जोडलेला प्रत्येक माणूस म्हणजे तुमच्या नंबरवरून गेलेला स्वतंत्र आउटगोइंग कॉल. भारतात मे २००३ पासून इनकमिंग फुकट आहे, त्यामुळे मामा-आत्यांना काही पडत नाही (परदेशात रोमिंगवर असलेल्याला मात्र पडतं). तुमचा पॅक अमर्यादित असेल तर तुम्हालाही फरक नाही. सेकंदावर पैसे कापणारा असेल तर चार जणांचे चार मीटर एकदम पळतात. दुबईचा मीटर तर आयएसडीच्या दराने. वर तुमची बॅटरी गेली किंवा तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात, की सहसा सगळ्यांचाच कॉल संपतो.

माणसांची मर्यादाही आहे. जीएसएमच्या, म्हणजे टूजी मोबाइलच्या, मानकात यजमान धरून सहा जण, आणि व्होल्टेवरही बहुतेक ठिकाणी आकडा तोच. मामांनी त्यांच्या फोनवरून आणखी कुणाला मर्ज केलं तर साखळी वाढते खरी, पण त्या माणसाला तुम्ही काढू शकत नाही आणि आवाजही एकावर एक ब्रिज ओलांडत येतो. मी असली साखळी करत नाही.

आता एक अडचण, जिच्यापायी लोक उगाच हँडसेटला दोष देतात. पहिला कॉल लावला, ‘कॉल जोडा’ दाबून दुसरा लावला, दोघेही लाइनवर आहेत आणि मर्जचं बटण करडं पडलेलं. अशा वेळी आधी पाहा, दुसरा कॉल दुसऱ्या सिमवरून तर गेला नाही ना. दोन सिम म्हणजे बहुधा दोन कंपन्या. पहिला कॉल एकीच्या नेटवर्कात, दुसरा दुसरीच्या, मग त्यांना जोडणारा ब्रिज कुणाचा? दोन्ही कॉल एकाच सिमवरून लावा. बटणाच्या जीएसएम फोनवर मेनू सापडत नसेल, तर होल्डवरचा आणि चालू कॉल ३ आणि हिरवं बटण दाबून जोडता येतात. नुसती अदलाबदल २ आणि हिरव्या बटणाने. हे फोनच्या कंपनीने नाही, मानकानेच ठरवून दिलेलं आहे.

मर्जमध्ये एक सोय मात्र नाही: दुसऱ्याचा माइक तुम्ही बंद करू शकत नाही. एखाद्याला काढता येतं, बाजूला घेऊन खासगी बोलता येतं, पण मामांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतील तर त्या सगळ्यांच्या वाट्याला येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना म्यूट करता येतं, आणि हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉल २०१८ मध्ये चार जणांसाठी आला, एप्रिल २०२० मध्ये आठ झाले आणि २०२२ पासून आवाजाच्या कॉलवर ३२ जण येऊ शकतात. इथे बोलणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतं, म्हणून मधल्या सर्व्हरला ते मिसळता येत नाही. तो फक्त पुढे ढकलतो आणि मिसळण्याचं काम प्रत्येकाचा फोन करतो. त्यामुळे खर्च वाटला जातो: ज्याचा त्याचा डेटा, ज्याची त्याची बॅटरी. कॉल सुरू करणारा गळाला तरी बाकीचे बोलत राहतात. गुप्ततेतही हाच पर्याय वरचढ, कारण नेटवर्कच्या ब्रिजमध्ये आवाज उघडा झाल्याशिवाय मिसळताच येत नाही.

कच्चा दुवा आहे इंटरनेटचा. व्होल्टेच्या आवाजाला टॉवरवर राखीव वाट मिळते. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज इतर डेटाबरोबर रांगेत उभा राहतो. आषाढीला पंढरपुरात किंवा सामना सुटल्यावर वानखेडेबाहेर उभं राहून दोन्ही लावून पाहा. व्होल्टे एकदा लागला तर सहसा टिकतो, व्हॉट्सअ‍ॅप मात्र ‘पुन्हा जोडत आहे’ म्हणत बसतं. आणि दुबईच्या ताईचं काय? संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर वर्षानुवर्षं बंधन आहे. तेव्हा तिला आयएसडीने मर्ज करा किंवा तिथे परवानगी असलेलं अ‍ॅप सगळ्यांनी घ्या. आजोबांमुळे दुसरा मार्ग बाद.

आवाजाच्या दर्जात दोन्ही टोकांना व्होल्टे असेल तर मर्ज कमी नाही. साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो. टूजीवर तोच ३०० ते ३४०० मध्ये बसवावा लागतो, म्हणून आजोबा थोडे कोंदटलेले येतील. शब्द कळतात.

डायल-इनबद्दल फार लिहीत नाही, कारण घरगुती कामाला ते लागत नाही. एक नंबर, एक कोड, प्रत्येकजण स्वतः फोन लावतो, शेकडो माणसं मावतात. शेअर बाजारातल्या कंपन्या तिमाही निकालानंतर विश्लेषकांशी बोलतात ते अशाच कॉलवर. साठ सभासदांच्या सोसायटीला, ज्यात निम्म्यांकडे स्मार्टफोन नाही, हा विचार करण्यासारखा आहे. पण वयस्कर माणसाकडून कीपॅडवर लांबलचक कोड टाकून घेणं ही वेगळीच परीक्षा.

तर या साखरपुड्यापुरतं माझं मत मर्जला. अमर्यादित पॅकचं सिम, फोन चार्जिंगला, दुबई सर्वांत शेवटी जोडायची आणि तिचं बोलणं आधी उरकून तिला मोकळं करायचं. आजोबांच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप चालवणारं कुणी असतं आणि ताई दुबईऐवजी लंडनला असती, तर व्हॉट्सअ‍ॅपशिवाय दुसरं नाव घेतलं नसतं.

मर्ज शिकवताना घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगा. अनोळखी माणूस फोन करतो, ‘तुमच्या मित्राचा दुसऱ्या नंबरवरून फोन येतोय, जरा मर्ज करा’ म्हणतो. तो दुसरा फोन असतो बँकेचा, ओटीपी वाचून दाखवणारा. ब्रिज तो सगळ्यांना ऐकवतो, पलीकडच्या भामट्यालाही. २०२५ च्या सुरुवातीला यूपीआयकडून याबद्दल जाहीर इशाराही देण्यात आला होता. मर्ज फक्त आपण स्वतः लावलेल्या कॉलचं करायचं; कुणी फोनवरून करायला सांगितलं तर कॉल ठेवून द्यायचा.