मुलाखत झाली, पण रुग्णाबद्दल एकही प्रश्न नव्हता

नर्सिंगच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहीत आहे. मुलाखतीची तयारी करून देतो म्हणून माझ्याकडून पैसे घेतले, ओरिजिनल सर्टिफिकेटं अडकवून ठेवली आणि शेवटी कळलं की अशी नोकरीच नव्हती. ती माणसं अजून फोन करतात. माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरला आलेला मेसेज माझ्या मेसेजशी शब्द न् शब्द जुळत होता.

नोकरीच्या एका साइटवर माझा बायोडेटा होता. तिथूनच नंबर काढून एका बाईंचा फोन आला. मोठ्या रुग्णालयाच्या भरती विभागातून बोलते, असं त्यांनी सांगितलं. माझा कोर्स, अनुभव, सध्याचा वॉर्ड, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "सिस्टर, तुमचं नाव शॉर्टलिस्टमध्ये आहे. पण पॅनलसमोर जाण्याआधी आमचा तयारीचा कोर्स कम्पल्सरी आहे. तो केल्याशिवाय नाव पुढे जात नाही." कोर्सची फी आधी भरायची होती. बदल्यात रुग्णालयाचा 'खरा प्रश्नसंच', सराव मुलाखत आणि निवडीची हमी मिळणार होती. 'व्हेरिफिकेशन'साठी ओरिजिनल कागदपत्रं कुरियरने मागवून घेतली.

नाइट करून आलेल्या नर्सला पुस्तकं उघडून बसायला वेळ कुठे असतो? तयार प्रश्न, तयार उत्तरं मिळणार म्हटलं की मोठा आधार वाटतो. ही माणसं नेमकी आपल्या थकव्यावर धंदा करतात, याची मला आजही चीड येते.

तो प्रश्नसंच वाचला आणि हादरले. प्रौढ रुग्णाला सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न) देताना छातीवर १५ दाब आणि २ श्वास, असं उत्तर छापलं होतं. हे प्रमाण २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच बदलून ३० दाब आणि २ श्वास झालं. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० हवा, याचा तर पत्ताच नव्हता. त्याहून भयंकर म्हणजे पोटॅशियम क्लोराइड 'सावकाश थेट शिरेत द्यावे' असं लिहिलं होतं. शिरेतून देताना पोटॅशियम नेहमी पातळ करून, ठरलेल्या वेगाने, रुग्णावर लक्ष ठेवून द्यायचं असतं. थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. मी हे कळवल्यावर उत्तर आलं, "सिस्टर, पॅनलला हेच उत्तर अपेक्षित आहे. तुम्ही फक्त पाठ करा." रुग्णाचा जीव घेणारं उत्तर पाठ करायला सांगणाऱ्याने कधी वॉर्डात पाय ठेवला असेल, असं मला वाटत नाही.

मग व्हिडिओवर 'मुलाखत' झाली. समोरच्यांचा कॅमेरा बंद. नाव, लग्न झालंय का, पगाराची अपेक्षा किती, कधी रुजू होणार. बस्स. औषधांबद्दल काही नाही, संसर्गाबद्दल नाही, इमर्जन्सीबद्दल नाही. लगेच अभिनंदन आणि ऑफर लेटर. पाठोपाठ युनिफॉर्म, मेडिकल आणि डिपॉझिटचे पैसे मागणारा मेसेज. पैसे भरायचे होते ते एका व्यक्तीच्या खात्यात.

तेव्हा मी रुग्णालयाच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून थेट नर्सिंग ऑफिसला फोन केला. ऑफर लेटरवरचा नंबर मुद्दाम वापरला नाही, कारण तो त्याच टोळीकडे जाणार होता. अशी कुठलीही भरती सुरू नाही, असं तिथून स्पष्ट सांगण्यात आलं. मी सर्टिफिकेटं परत मागितली, तर 'कोर्स अर्धवट सोडल्याचा दंड' भरा म्हणाले.

पुढे मी दुसरीकडे खरी मुलाखत दिली, म्हणून फरक नीट सांगता येतो. समोर नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडम होत्या. पहिलाच प्रश्न: "नाइटला तुम्ही एकट्या आहात, ऑपरेशन झालेल्या रुग्णाचं बीपी उतरतंय, डॉक्टर फोन उचलत नाहीत. काय कराल?" इथे पाठांतर चालत नाही. आधी रुग्णाजवळ जायचं, मदतीला हाक मारायची. नाडी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध बघायची. ड्रेसिंग भिजलंय का, ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) रक्त वाढलंय का, लघवी किती झाली, हे पाहायचं. डॉक्टर मिळत नसतील तर वरच्या डॉक्टरांना किंवा इमर्जन्सी टीमला कळवायचं, आणि तेही एसबीएआर पद्धतीने: आत्ता काय होतंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. मॅडमनी मध्येच थांबवून विचारलं, "हे सगळं करताना नोंद कधी करणार?" मग एका रुग्णाचं औषध दुसऱ्याला गेलं तर काय, सुई टोचली तर काय, हात कधी धुवायचे, असे प्रश्न आले. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे ५ क्षण सांगितले आहेत. रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि नंतर हे दोन सगळ्यांना आठवतात, पण नुसत्या रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावरचा क्षण बहुतेक जण विसरतात.

ज्यांना खरोखर आपल्या हातात रुग्ण सोपवायचे असतात, ते असेच खोदून विचारतात. तुमच्या मुलाखतीत कामाबद्दल काहीच विचारलं नाही आणि लगेच निवड झाली, तर आनंदाच्या भरात पैसे भरू नका. आधी रुग्णालयात चौकशी करा.

नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं हेच मुळात चुकीचं आहे. खासगी रोजगार संस्थांनी, काही अपवाद सोडता, कामगारांकडून फी घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मध्ये म्हटलं आहे. सगळ्याच देशांनी तो स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याकडचा नियम काय आहे ते विचारून घ्या. शिकवणीची फी ही वेगळी गोष्ट. पण शिकवणी घेणाराच निवडीची हमी देतो आणि नोकरीही तोच देतो, तिथे दार बंद करा. ओरिजिनल कागदपत्रं समोर बसून दाखवायची आणि तिथल्या तिथे परत घ्यायची. पाठवायची वेळ आलीच, तर 'फक्त या अर्जासाठी' असं आडवं लिहून, तारीख घालून झेरॉक्स द्या.

कुणाची सर्टिफिकेटं आधीच गेली असतील, तर दंड भरून सोडवायला जाऊ नका. मी नर्सिंग कौन्सिलला लेखी कळवलं, पोलिसांत तक्रार दिली आणि त्या तक्रारीची प्रत त्या टोळीला पाठवली. त्यानंतर माझा लिफाफा गुपचूप परत आला. पैसे मात्र मिळालेले नाहीत. बँकेला कळवायचं ते त्याच दिवशी कळवा, उशीर झाला की रक्कम थांबवणं अवघड होतं. पावती नाही म्हणून गप्प बसू नका. माझ्याकडेही पावती नव्हती, तरी पैसे पाठवल्याची नोंद आणि त्यांचे मेसेज दाखवल्यावर तक्रार घेतली गेली. म्हणून कितीही संताप आला तरी ते मेसेज डिलीट करू नका.