क्लिकचे पैसे आज, गिऱ्हाईक कधी? सर्च जाहिरात, इन्स्टाग्राम जाहिरात आणि एसईओ यांचा तुलनात्मक आढावा

देवगड किंवा रत्नागिरीकडच्या एखाद्या बागायतदाराने यंदा वाशीच्या बाजारसमितीत माल पाठवण्याऐवजी पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पोहोचवायचे ठरवले, तर ऑनलाइन जाहिरातीवर किती खर्च करावा याच्याही आधी ती किती दिवसांत गिऱ्हाईक आणेल हे त्याला विचारावे लागते, कारण हापूसचा मुख्य हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा असतो. पुण्यात मॉड्युलर किचन बनवून देणाऱ्या व्यावसायिकाला अशी हंगामाची घाई नसते. मात्र त्याचे गिऱ्हाईक पहिल्या चौकशीपासून आगाऊ रक्कम देईपर्यंत सहज दीड-दोन महिने घेते. जाहिरात एजन्सीकडे गेल्यास या दोघांनाही बहुधा एकच उत्तर मिळते, ‘तीन महिने द्या’. हे उत्तर पहिल्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने अपुरे ठरू शकते. म्हणून येथे गूगलवरील सर्च जाहिरात, फेसबुक-इन्स्टाग्रामवरील जाहिरात आणि बिनपैशाच्या क्लिकची वाट पाहणारे एसईओ (संकेतस्थळ गूगलच्या शोधात वर दिसावे म्हणून केलेल्या सुधारणा) या तीन मार्गांची तुलना या दोन व्यवसायांच्या गरजा समोर ठेवून केली आहे.

‘निकाल’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरवले नाही तर तुलना फसते. पहिला क्लिक, पहिली ऑर्डर आणि ‘एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च इतका येतो आणि तो परवडतो’ ही खात्री, या तीन टप्प्यांना लागणारा काळ अगदी वेगवेगळा आहे. क्लिकसाठी पैसे घेण्याची पद्धत १९९८ साली गोटू डॉट कॉम या शोध-संकेतस्थळाने रुजवली, गूगलने २००० साली ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली आणि २००२ मध्ये तीत क्लिकचा लिलाव आणला; तेव्हापासून जाहिरात विकणाऱ्याची जबाबदारी क्लिकपाशी संपते आणि पुढचे सगळे विक्रेत्याकडे राहते. त्यामुळे ‘जाहिरात सुरू केली की त्याच दिवशी परिणाम’ हे वाक्य पहिल्या टप्प्यापुरते खरे आहे. गूगल बहुतेक जाहिराती एका कामकाजाच्या दिवसात तपासते, फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटाही साधारण २४ तासांत तपासते, आणि मंजुरी मिळाली की काही तासांत क्लिक येऊ लागतात. नव्या खात्याला ओळख-पडताळणी मागितली गेली तर मात्र हा वेळ वाढतो, म्हणून कागदपत्रे हंगामाच्या आधीच देऊन ठेवावीत.

सर्च जाहिरात: मागणी तयार असते, पण शिकायला आकडे लागतात

सर्च जाहिरातीचे मोठे बळ असे की समोरचा माणूस ती वस्तू शोधतच आलेला असतो. पहिली ऑर्डर याच मार्गाने सर्वांत लवकर येण्याची शक्यता असते. एसी दुरुस्ती किंवा दाताचे दुखणे यांसारख्या तातडीच्या कामांत तर त्याच दुपारी फोन येतो आणि तेथे तुलना करण्याचेही फारसे कारण नाही.

अडचण तिसऱ्या टप्प्यावर येते. आज गूगलवरील बहुतेक मोहिमा स्वयंचलित बोलीवर चालतात, म्हणजे कोणत्या शोधाला किती पैसे लावायचे हे यंत्रणा आधीच्या निकालांवरून ठरवते. गूगलच्याच मार्गदर्शनानुसार बोलीच्या पद्धतीला स्थिरावण्यासाठी सुमारे ५० कन्व्हर्जन किंवा ३ कन्व्हर्जन-चक्रे एवढा अवधी लागू शकतो. कन्व्हर्जन म्हणजे आपण ‘हे घडले की माझे काम झाले’ असे यंत्रणेला सांगून ठेवलेली कृती, आणि चक्र म्हणजे क्लिकपासून त्या कृतीपर्यंतचा काळ. दिवसांचा हिशेब यातूनच निघतो, आणि तो एजन्सीला विचारण्याआधी स्वतः करून पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणापुरते धरू की एका क्लिकला १५ रुपये पडतात, रोजचे बजेट ६०० रुपये आहे आणि संकेतस्थळावर आलेल्या १०० जणांपैकी २ जण पेटी मागवतात. रोज ४० क्लिक आले, तर दिवसाला सरासरी ०.८ ऑर्डर होते, आणि ५० ऑर्डरपर्यंत पोहोचायला ६३ दिवस जातात. म्हणजे यंत्रणा शिकून तयार होईपर्यंत झाडावरचा आंबा संपत आलेला असेल. आता तेच बजेट ठेवून कन्व्हर्जन म्हणून ऑर्डरऐवजी व्हॉट्सॲपवरील चौकशी धरली, आणि १०० पैकी १० जण चौकशी करतात असे मानले, तर रोज ४ चौकश्या होतात आणि ५० चा आकडा १३ दिवसांत गाठता येतो. प्रत्येक पाच चौकश्यांतून एक ऑर्डर निघत असेल तर विक्री दोन्ही हिशेबांत तेवढीच आहे. बदलला तो फक्त यंत्रणेला मिळणाऱ्या खुणांचा वेग. अर्थात चौकशीच्या मागे लागलेली यंत्रणा कधी कधी नुसता भाव विचारणारे लोकही गोळा करते, ही या उपायाची किंमत आहे, आणि छोट्या बजेटला ती मोजावीच लागते.

याच आकड्यांतून एका ऑर्डरमागे ७५० रुपये जाहिरातखर्च निघतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास तो ८८५ रुपये होतो. किचनवाल्याला हा कर बहुधा वळता करून घेता येतो. ताज्या फळांच्या विक्रीवर मात्र जीएसटी नसल्याने केवळ आंबा विकणाऱ्याला त्याचा परतावा मिळत नाही, आणि ही रक्कम सरळ पेटीच्या नफ्यातून जाते. ज्याच्या पेटीत एवढा वाव नाही त्याने दिवस मोजण्याऐवजी एका गिऱ्हाइकाकडून हंगामात दोन-तीन पेट्या कशा जातील हे पाहिलेले बरे.

पहिल्या दोन आठवड्यांत पैसा कोठे गळतो हेही वेळेच्या हिशेबात धरले पाहिजे. गूगलमध्ये कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द) साधा लिहिला की तो व्यापक अर्थाने जुळवला जातो, त्यामुळे ‘हापूस आंबा’ या कीवर्डवर हापूसची कलमे, आमरसाचा डबाबंद गर, आजचा बाजारभाव किंवा आंबा बर्फीची कृती शोधणारेही येऊ शकतात. प्रत्यक्ष कोणत्या शोधांवर क्लिक झाले याची यादी खात्यात मिळते. ती पहिल्या आठवड्यात रोज उघडून नको ते शब्द वगळण्याच्या यादीत टाकले तर शिकण्याचा काळ खऱ्या अर्थाने कमी होतो. मराठी माणूस देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत आणि सरळ ‘अल्फान्सो’ असे लिहूनही शोधतो, म्हणून तिन्ही रूपे घ्यावी लागतात. ठिकाणाच्या निवडीत गूगल मूळ पर्याय म्हणून त्या गावात असलेल्यांबरोबरच त्या गावात रस दाखवणाऱ्यांनाही धरते. फक्त पुणे-मुंबईतच पेटी पोहोचवणार असाल तर हा पर्याय बदलावा. रोजचे बजेट ६०० लिहिले तरी एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे १,२०० रुपये खर्च करू शकते, आणि महिन्याची मर्यादा रोजच्या रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे १८,२४० रुपये राहते. हे माहीत नसलेले अनेक जण दुसऱ्याच दिवशी घाबरून मोहीम बंद करतात.

फेसबुक-इन्स्टाग्राम: गर्दी लवकर, गिऱ्हाईक सावकाश

येथे कोणी आंबा शोधत नसतो. आढीत पिकलेल्या फळाचा फोटो किंवा बागेतला व्हिडिओ पाहून त्याला तो आठवतो. त्यामुळे क्लिक आणि संदेश भराभर येतात, पण त्यांतून विकत घेणारे कमी निघतात. आंब्याच्या बाबतीत हा तोटा फारसा जाणवत नाही, कारण पेटी मागवण्याचा निर्णय घरात एका दिवसात होतो. किचनच्या बाबतीत तो चांगलाच जाणवतो: ॲपमधल्या तयार फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आपोआप भरले जातात, म्हणून ‘लीड’, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे संपर्क, स्वस्त दिसतात, आणि नंतर फोन केला की समोरच्याला आपण फॉर्म भरल्याचेही आठवत नाही.

मेटाचा शिकण्याचा नियम गूगलपेक्षा कडक आहे. प्रत्येक ॲड सेटला (एकाच लक्ष्यगटासाठीच्या जाहिरातींच्या संचाला) एका आठवड्यात सुमारे ५० निकाल मिळावे लागतात, तेव्हा तो शिकण्याच्या अवस्थेतून बाहेर येतो. रोज ६०० म्हणजे आठवड्याला ४,२०० रुपयांत ५० संवाद हवे असतील, तर व्हॉट्सॲपवरचा एक संवाद ८४ रुपयांच्या आत पडला पाहिजे. पडत असेल तर आठवड्याभरात गाडी रुळावर येते. तेच ६०० रुपये पुणे, ठाणे, नाशिक आणि नागपूर अशा चार ॲड सेटमध्ये वाटले तर चौघांपैकी एकही त्या आकड्याजवळ जात नाही, आणि महिनाभर पैसे घालूनही काही स्थिर होत नाही. शिवाय लक्ष्यगट, चित्र किंवा उद्दिष्ट यांत मोठा बदल केला, किंवा सात दिवस किंवा त्याहून अधिक काळ जाहिरात थांबवून पुन्हा चालू केली, की मोजणी नव्याने सुरू होते. रोज संध्याकाळी खाते उघडून काहीतरी बदलणाऱ्या मालकाइतका या जाहिरातीचा दुसरा शत्रू नाही.

आकडे आजचे दिसतात, पण ते आजचे नसतात

दोन्ही ठिकाणी निकाल ‘दिसण्याचा’ वेळ आणि निकाल ‘लागण्याचा’ वेळ यांत फरक आहे, आणि निर्णय चुकतात ते बहुधा येथेच. गूगलच्या नेहमीच्या रकान्यात कन्व्हर्जन ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या नावावर जमा होते, ऑर्डर झाली त्या दिवसाच्या नाही. सोमवारी क्लिक केलेल्याने शुक्रवारी पेटी मागवली तर ती सोमवारच्या खात्यात जाते. म्हणून शेवटचे तीन-चार दिवस नेहमीच खऱ्यापेक्षा वाईट दिसतात. किचनवाल्याने तर शेवटचा महिनाही अर्धवटच समजावा.

मोजण्याची मुदतही वेगळी आहे. गूगल मुळात क्लिकनंतरचे ३० दिवस मोजते आणि ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. मेटाची मूळ मुदत क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर १ दिवस एवढीच आहे. किचनचा व्यवहार सहाव्या आठवड्यात झाला तर मेटाच्या अहवालात तो येतच नाही, आणि मालक ‘इन्स्टाग्रामवरून काहीच आले नाही’ असे म्हणून मोकळा होतो. उलट आंबेवाल्याला एका दिवसाच्या ‘पाहण्या’मुळे जाहिरात खऱ्यापेक्षा अधिक कर्तबगार दिसू शकते, कारण जुने गिऱ्हाईक ती नुसती पाहून जाते आणि पेटी एरवीसारखी संकेतस्थळावरूनच मागवते. प्रत्येक ऑर्डरला ‘आमचा नंबर कोठून मिळाला’ एवढे विचारून वहीत टिपणे, हा दोन्ही अहवालांवरचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा ताळा आहे.

एसईओ: वेळेच्या स्पर्धेत शेवटचे, पण

एसईओबाबत फार बोलण्यासारखे नाही. गूगलने २०१७ साली काढलेल्या एका व्हिडिओत सुधारणा करून त्यांचा लाभ दिसायला बहुतेकदा चार महिने ते एक वर्ष लागते असे सांगितले होते, आणि तो अंदाज आजही व्यवहार्य आहे. हंगाम सुरू झाल्यावर आंबेवाल्याने यावर पैसे घालू नयेत. घालायचे असतील तर आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घालावेत. किचनवाल्याची गोष्ट निराळी आहे. त्याला वर्षभर गिऱ्हाईक हवे असते, त्याच्या क्षेत्रात क्लिक महाग पडतात, आणि गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद तर फुकट आहे. केलेल्या कामांचे फोटो आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय तेथे साठत गेले की जाहिरात थांबवल्यावरही फोन येत राहतात.

कोणी काय निवडावे

आंबेवाल्याने मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकाच ॲड सेटची व्हॉट्सॲप जाहिरात सुरू करावी, म्हणजे हंगामाच्या तोंडाशी ती शिकलेली असेल. सोबत मोजक्या कीवर्डची सर्च मोहीम चौकशी हेच कन्व्हर्जन धरून चालवावी. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मागणी वाढते, पण तेच शब्द सर्व विक्रेते मागत असल्याने क्लिकही महागतो. त्या आठवड्यात नवीन मोहीम सुरू करू नये, चालू असलेलीचे बजेट वाढवावे. पहिल्या पंधरवड्यात चौकश्याच येत नसतील तर दोष बहुधा कीवर्डात किंवा फोटोत असतो. चौकश्या येऊन ऑर्डर होत नसतील, तर पोहोचवण्याचा खर्च, भाव किंवा उत्तर द्यायला लागणारा वेळ तपासावा. तेथे जाहिरातीचे आणखी दिवस वाढवून काही साधत नाही.

किचनवाल्याने सर्च जाहिरात मुख्य धरावी आणि मोजणीची मुदत ९० दिवसांवर न्यावी. त्याचे चक्र सहा आठवड्यांचे असेल तर तीन चक्रे म्हणजे अठरा आठवडे, चार महिन्यांहून थोडे अधिक होतात, म्हणून कन्व्हर्जन अंतिम व्यवहाराचे न धरता घरी मोजमाप घेण्यासाठी ठरलेल्या भेटीचे धरावे. ती भेट क्लिकनंतर आठवडाभरात होत असेल तर यंत्रणा महिन्याभरात बऱ्यापैकी शिकते. नफ्या-तोट्याचा निवाडा मात्र चौथ्या महिन्याआधी करू नये. इन्स्टाग्रामचा उपयोग त्याने सर्चमधून आलेल्या लोकांना पूर्ण झालेली कामे पुन्हा दाखवण्यापुरता करावा. चार महिने तोट्याची तयारी नसेल, तर त्याने या वर्षी जाहिरात सुरू न करता तेवढाच पैसा संकेतस्थळ आणि नकाशावरील नोंद नीट करण्यात घालावा.