‘प्राइड अँड प्रेज्युडिस’: दोन हजार पौंडांच्या घरातील पाच मुली

बडोद्यातील रावपुऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानांत जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ बहुधा प्रेमकथांच्या शेजारी ठेवलेली दिसते. १८१३ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत प्रेम आहे, हे खरेच. परंतु तिचा पाया जमिनीच्या उत्पन्नावर आणि वारसाहक्कावर रचलेला आहे, आणि तो हिशेब ध्यानात ठेवून वाचणाऱ्यालाच तिच्यातील विनोदाची धार नीट जाणवते.

हर्टफर्डशरमधील लाँगबर्न येथील बेनेट यांना इस्टेटीतून वर्षाला २,००० पौंड मिळतात. त्यांना पाच मुली आहेत, मुलगा नाही, आणि इस्टेट पुरुष वारसाकडेच जावी अशी तजवीज पूर्वीच झालेली असल्यामुळे त्यांच्या पश्चात ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार आहे. मुलींना आईच्या मागे प्रत्येकी सुमारे १,००० पौंडांची पुंजी मिळेल. चार टक्क्यांनी तिचे व्याज होते वर्षाला ४० पौंड. हे आकडे समोर ठेवले की मुलींच्या लग्नाचा ध्यास घेतलेल्या बेनेटबाई केवळ हास्यास्पद राहत नाहीत. त्यांचे बोलणे असह्य आहे, पण उद्याची खरी धास्ती त्या घरात फक्त त्यांनाच आहे. त्यांचे यजमान मात्र मुलगा होईल, तो सज्ञान झाला की त्याच्या संमतीने इस्टेटीवरचे बंधन काढून टाकता येईल, या भरवशावर वर्षानुवर्षे काहीही शिल्लक टाकत नाहीत आणि पुस्तकांच्या खोलीत बसून बायकोची टिंगल करतात. पुष्कळ वाचकांना हे गृहस्थ फार आवडतात. मला ते बेजबाबदार वाटतात.

बडोद्याच्या वाचकाला येथे एक प्रश्न हटकून पडेल: मुलगा नव्हता, तर दत्तक का घेतला नाही? ज्या संस्थानात १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला आणि तोच पुढे महाराज सयाजीराव झाला, तेथे हा विचार सुचणे साहजिकच आहे. इंग्लंडात मात्र दत्तकाला कायद्याचा आधार मिळाला तो १९२६ साली. बेनेटांपुढे ती वाटच नव्हती, आणि म्हणून मुलींची लग्ने हा त्या घराच्या निर्वाहाचा प्रश्न होऊन बसतो.

या दृष्टीने पाहता कादंबरीतील सर्वांत उत्तम भाग बेनेटांची दुसरी मुलगी एलिझाबेथ आणि तिच्यावर प्रेम करणारा श्रीमंत जमीनदार डार्सी यांचा नसून एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्यूकस हिचा आहे. वय २७, रूप बेताचे, हाती पैसा नाही. एलिझाबेथने ज्या कॉलिन्सला नकार दिला, त्याच बडबड्या, लाचार पाद्रीला ती अवघ्या काही दिवसांत डोळे उघडे ठेवून होकार देते. बहीण आता आयुष्यभर गळ्यात पडणार नाही म्हणून तिच्या भावांना हायसे वाटते. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते, तेव्हा शार्लटने स्वतःला बसायला मागच्या बाजूची, कमी प्रशस्त खोली का निवडली, याचे तिला आधी नवल वाटते. कारण उघड आहे: पुढची खोली आवडीची असल्याने नवरा तिकडेच रमतो. संसार कसा निभावला जातो, हे ऑस्टिनने त्या एका खोलीवरून सांगितले आहे, आणि तेही शार्लटची कीव न करता.

प्रतिष्ठेच्या पायऱ्याही तिने अशाच बारकाईने दाखवल्या आहेत. डार्सीचा मित्र बिंगली याच्या घराण्याचा पैसा व्यापारातून आलेला, अजून स्वतःची इस्टेटही नाही, तरी त्याच्या बहिणी बेनेट मुलींच्या लंडनमधील व्यापारी मामावर हसतात. डार्सीशी लग्न करू नकोस म्हणून त्याची मावशी लेडी कॅथरीन एलिझाबेथच्या अंगावर येते, तेव्हा आपणही सद्गृहस्थाचीच मुलगी आहोत, असे ती ठणकावते. त्यावर बाईंचा लगेच प्रश्न येतो, की तुझी आई कोण, मामा कोण? आपल्याकडील सोयरिकीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

तिसरा खंड मला किंचित उणा वाटतो. बेनेटांची धाकटी मुलगी लिडिया विकम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्यानंतरचा बराचसा भाग पत्रांतून उलगडतो आणि गुंता सुटतो तो डार्सीच्या थैलीने. आणखी एक गोष्ट खटकते. डार्सीचे वर्षाला १०,००० पौंड ज्या जमिनीतून येतात, ती कसणारी माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. पेम्बर्ली या त्याच्या वाड्याची कारभारीण मालकाची तोंडभरून स्तुती करते, तेवढेच.

आवृत्तीविषयी थोडे. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्याने हे पुस्तक अनेक प्रकाशक छापतात आणि छपाईचा दर्जा फार कमीजास्त असतो. मी घेतलेल्या स्वस्त प्रतीत ६१ प्रकरणे सलग छापली होती, खंडांची विभागणीच नव्हती. त्यामुळे पहिला खंड शार्लटच्या लग्नाच्या बातमीवर आणि दुसरा पेम्बर्लीला निघण्याच्या क्षणी थांबतो, ही रचना हरवते. म्हणून विकत घेण्यापूर्वी पाने चाळून विभागणी आणि वारसाहक्काविषयीच्या टिपा आहेत ना, हे पाहावे. अशा प्रतीला शंभरेक रुपये जास्त पडले तरी हरकत नाही. संक्षिप्त आवृत्ती मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये, कारण तीत कथानक तेवढे उरते आणि संवाद जातात.