‘दि ऑरव्हिल’: टोपाला खरं कोण सांगणार?

सेथ मॅकफार्लेनची ‘दि ऑरव्हिल’ २०१७ मध्ये फॉक्स वाहिनीवर सुरू झाली तेव्हा ‘स्टार ट्रेक’च्या अंगाने जाणारी विनोदी मालिका अशी तिची ओळख करून दिली गेली होती. सुरुवातीचे भाग बघताना तसं वाटतंही, आणि त्यातले काही विनोद माझ्या पचनी पडले नाहीत. तरीही मी ही मालिका भेटेल त्या पालकाला बघायला सांगते, ती त्यातल्या एका घरासाठी. ‘ऑरव्हिल’ या अंतराळयानावर राहणारे बॉर्टस, क्लायडन आणि त्यांचं मूल टोपा.

हे मोक्लन नावाच्या परग्रहावरच्या वंशाचे लोक. आमच्यात सगळे पुरुषच असतात, असं ते जगाला सांगतात. पंचाहत्तर वर्षांत एखादी मुलगी जन्मते, ते एक व्यंग समजायचं आणि तान्हेपणीच शस्त्रक्रिया करून तिला मुलगा करून टाकायचं, ही तिथली रीत. बॉर्टसने उबवलेल्या अंड्यातून मुलगीच बाहेर येते. पहिल्या सीझनचा तिसरा भाग, ‘अबाउट अ गर्ल’, इथून सुरू होतो. गंमत म्हणजे आधी शस्त्रक्रियेचा आग्रह खुद्द बॉर्टसच धरतो. जहाजावरच्या डॉक्टर क्लेअर फिन नकार देतात. मग मित्रांसोबत लाल नाकाच्या रुडॉल्फ हरणाचा जुना ख्रिसमसपट बघताना त्याचं मन पालटतं. क्लायडनचं मात्र पालटत नाही, आणि प्रकरण मोक्लस या त्यांच्या ग्रहावरच्या न्यायालयात जातं. तिथे बॉर्टसची बाजू यानावरची उपकप्तान केली ग्रेसन मांडते. मोक्लन लोक ज्याला आपला सर्वात थोर लेखक मानतात तो गॉन्डस एल्डन म्हणजे डोंगरात लपून राहणारी हवीना नावाची बाई आहे, हेही तिथे उघड होतं. निकाल तरी शस्त्रक्रियेच्याच बाजूने लागतो. अमेरिकी मालिकेत असा पराभव दाखवायला धाडस लागतं. १९९२ साली ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या ‘द आउटकास्ट’ या भागातही, लिंगभेद न मानणाऱ्या वंशात स्वतःला स्त्री समजणाऱ्या सोरेनला शेवटी ‘बरं’ केलं जातं, पण तिथे भाग संपला की विषय संपतो. ‘ऑरव्हिल’ तो विषय पाच वर्षं सोडत नाही.

‘अबाउट अ गर्ल’मध्येच कळतं की क्लायडन स्वतःही मुलगी म्हणूनच जन्मला होता. आणि हे त्याने लग्नाच्या जोडीदारापासूनही लपवलं होतं. मला ही सगळ्या कथेची किल्ली वाटते. क्लायडनचा राग धर्मवेड्याचा वाटतो, पण त्याखाली भीती आहे. टोपाच्या बाबतीत जे केलं ते चूक ठरलं, तर त्याच्या स्वतःच्या बाबतीत जे घडलं तेही चूक ठरणार. क्लायडन साकारणाऱ्या चॅड कोलमनने हे फार नेमकं केलंय. ओरडतानासुद्धा त्याची नजर समोरच्यावर टिकत नाही.

दुसऱ्या सीझनच्या ‘सँक्चुअरी’ या भागात पंचाहत्तर वर्षांचा दावाही खोटा निघतो. पळवून आणून वाचवलेल्या हजारो मोक्लन स्त्रिया एका लपलेल्या वसाहतीत राहतात आणि त्यांची प्रमुख हवीनाच असते. म्हणजे आईबापांचं खोटं हे एका अख्ख्या सरकारच्या खोट्याच्या पोटात वाढलेलं आहे.

पण मला लिहायचंय ते मुख्यतः ३० जून २०२२ रोजी आलेल्या, तिसऱ्या सीझनच्या ‘अ टेल ऑफ टू टोपाज’ या भागाबद्दल. टोपा आता किशोरवयात आहे आणि आपल्यात काहीतरी चुकतंय हे त्याला जाणवतं. काय चुकतंय ते सांगता येत नाही. बॉर्टसला सांगायचं आहे, क्लायडन सांगू देत नाही, आणि कॅप्टन म्हणतो की हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. अखेर केली उघड काही न बोलता टोपाला अशी वाट दाखवते की तो स्वतःच सत्यापर्यंत पोचतो.

माझी मुलगी दत्तक आहे. ती तीन वर्षांची असल्यापासून आम्ही तिला हे सांगत आलो, गोष्टीसारखं, तिच्याच फोटोंच्या अल्बममधून. माझ्या मोठ्या जाऊबाई तेव्हा अगदी मायेने म्हणायच्या, “कशाला गं सांगायचं? तुझीच तर आहे ती.” त्यांचं प्रेम खरं होतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. म्हणूनच बॉर्टस मला पाठ आहे. मुलावर जीव टाकणारा, मऊ मनाचा, आणि वर्षानुवर्षं गप्प.

लेक आता नववीत आहे. हा भाग आम्ही एकत्र बघितला. मला वाटलं होतं, ती क्लायडनवर चिडेल. ती चिडली बॉर्टसवर. म्हणाली, “आई, क्लायडनला ते बरोबरच वाटतं, म्हणून तो सांगत नाही. पण याला चूक आहे हे माहीत होतं ना?” मला वाटतं, मालिकेची उणीव तिने बरोबर पकडली. लेखकांचं बॉर्टसवर प्रेम आहे आणि ते त्याला फार सहज सोडतात. बॉर्टस साकारणाऱ्या पीटर मेकनचा तो जड, संथ आवाज ऐकला की आपणही सोडून देतो. टोपाने त्याला एकदा तरी विचारायला हवं होतं, की इतकी वर्षं तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा तुला काय दिसत होतं?

बाकी भाग मात्र पक्का बांधलेला आहे. टोपाला पुन्हा मुलगी व्हायचंय. डॉक्टर तयार आहेत, पण मोक्लसकडून मिळणारी शस्त्रं युद्धासाठी हवीत म्हणून युनियन, म्हणजे ‘ऑरव्हिल’ ज्यांचं यान आहे तो ग्रहांचा संघ, परवानगी देत नाही. शेवटी शस्त्रक्रिया आयझॅक करतो. तो केलॉन यंत्रमानव, युनियनचा अधिकारीच नाही, त्यामुळे त्याला आदेश लागू होत नाही. इमानी पुलमने साकारलेली टोपा शुद्धीवर येते तेव्हाचा चेहरा बघावा. त्यानंतर क्लायडन तिला जे ऐकवून घर सोडतो, ते मी इथे लिहिणार नाही. आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

काही जण याला सरळ ट्रान्सजेंडर कथा म्हणतात. मला ती त्याहून जास्त, इंटरसेक्स, म्हणजे जन्मतःच शरीर ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणाऱ्या बाळांवर त्यांना विचारण्याआधीच होणाऱ्या शस्त्रक्रियांची कथा वाटते. हे काही परग्रहावरचं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अरुणकुमार प्रकरणात अशा शस्त्रक्रियांविरुद्ध निर्देश दिले आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने जिवावर बेतलेले प्रसंग वगळता त्यांवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी आणि आईबापांनीही हा भाग बघावा असं मला मनापासून वाटतं.

क्लायडन परत येतो तो आठव्या भागात, ‘मिडनाइट ब्लू’मध्ये, आणि टोपाची माफी मागतो. मला तो प्रसंग पटला, लेकीला नाही. तिच्या मते त्याला आणखी दोन-तीन भाग बाहेर ठेवायला हवं होतं.

सगळी मालिका बघायला वेळ नसेल तर पहिल्या सीझनचा तिसरा, दुसऱ्याचा बारावा, तिसऱ्याचा पाचवा आणि आठवा एवढे चार भाग याच क्रमाने बघा. आठवा भाग सिनेमाएवढा लांब आहे आणि त्यात टोपाच्या छळाची दृश्यं आहेत. लहान मुलांबरोबर बघणार असाल तर तो आधी एकट्याने बघून घ्या.