ग्लुकोमीटर आणि बदललेलं ताट : नऊ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं, म्हणजे लोखंडी भाग कातायच्या यंत्राचं, छोटं वर्कशॉप आहे. वय ४८. गेल्या जुलैत मेहुण्याला हार्ट अ‍ॅटॅक आला, तो वाचला, पण त्या धसक्यानं घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं. माझे आकडे असे : उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. डॉक्टरांनी उपाशीपोटीचं इन्सुलिनही बघायला लावलं, ते १८ आलं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळीच्या आधी काही महिने खाणं बदलून बघू, असं ते म्हणाले. त्याच संध्याकाळी मी ग्लुकोमीटर आणला.

आधी यंत्राबद्दल. मीटर स्वस्तात मिळतो, खरा खर्च स्ट्रिपचा, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्टीचा. मला एक साधारण २० रुपयांना पडली. पहिल्या डबीचं झाकण नीट लागलं नव्हतं, त्यात जुलैतला आपला पाऊस. ओल धरून आकडे वेडेवाकडे यायला लागले आणि अर्धी डबी टाकावी लागली. एकदा भाकरीबरोबर काकवी खाऊन नुसता हात पुसला आणि बोट टोचलं, तर २१४! साबणानं हात धुऊन, कोरडे करून परत बघितलं तर १२१. बोटाला राहिलेला गोडाचा अंशसुद्धा मीटर मोजतो. आमच्यासारख्या कामाच्या हातांना घट्टे असतात. बोटाच्या मधोमध टोचलं तर दुखतं जास्त आणि रक्त येत नाही, म्हणून कडेला टोचायचं.

दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. आमच्याकडे जॉब, म्हणजे कातून दिलेला भाग, काही मायक्रॉननं चुकला तरी परत येतो. या मीटरांना मात्र १०० च्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालतं, मानकच तसं आहे. म्हणजे १२४ आणि १३२ यांत फरक धरायचा नाही. म्हणून मी एकच जेवण वेगवेगळ्या दिवशी तीन-तीनदा तपासलं, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी, आणि सगळं एका वहीत लिहिलं. ही वही मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पहिली नोंद मिसळीची. आपल्याकडं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस. तीन स्लाइस, भरपूर फरसाण आणि वर गुळाचा चहा : १८० च्या आसपास. मग त्याच ठिकाणी सांगून मटकी जास्त घेतली, फरसाण चिमूटभर, स्लाइस एकच, चहा बिनगोडाचा, आणि नंतर पंधरा मिनिटं चाललो. तिन्ही वेळा १४० च्या आत. मिसळ सोडायची गरज नव्हती, हे कळल्यावर मला मनापासून बरं वाटलं.

गुळाचं लिहिताना जड जातं. घराण्यात गुऱ्हाळ होतं, काहिलीतल्या रसाच्या वासात आम्ही वाढलो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि चवीला त्याला तोड नाही, हे मी आजही म्हणतो. पण गुळाचा चहा आणि साखरेचा चहा, वहीत दोन्ही सारखेच. गूळही बहुतांशी सुक्रोजच. वर्कशॉपमध्ये मी दिवसाला सहा चहा प्यायचो, गुळाचे म्हणून निर्धास्त. ते आता दोन, बिनगोडाचे.

भाकरीबद्दलही माझी समजूत दुरुस्त झाली. जोंधळ्याची भाकरी चांगलीच, पण दोन भाकरी नुसत्या खर्ड्याबरोबर खाल्ल्या की १७० येत होतं. दीड भाकरी, आधी काकडी-कांदा, मग मेथीची भाजी, मटकीची उसळ, ताक आणि शेवटी भाकरीचा मोठा भाग असं जेवलो की १३५. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात हळूहळू उतरते.

इथपर्यंत सगळं छान होतं, आणि इथंच मी चुकलो. दसऱ्यानंतर मी मीटरला जे आवडेल ते खायला लागलो. मटण आणि पांढरा रस्सा, भाकरी अर्धीच : १२२. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, बिनसाखरेचं : आकडा हलतच नव्हता. मग आठवड्यातून तीनदा रस्सा आणि रोज संध्याकाळी मोठा पेला दूध. डिसेंबरात परत तपासलं. एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड १६८, आणि एलडीएल १५९. वाढलेलं! मी रिपोर्ट हातात घेऊन बसलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, मीटरला आवडलं म्हणजे काळजाला आवडलं, असं कुठं असतंय?”

तिचं अगदी बरोबर होतं. मीटर फक्त साखर बघतो. चरबीनं साखर लगेच चढत नाही, पण मटणाची चरबी, साय, तूप, खोबरं यांतली संपृक्त चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश असतो, आणि मी ते पेल्यानं पीत होतो. ट्रायग्लिसराइडची वाट वेगळी आहे. जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करतं, म्हणून चहातला गूळ सुटल्यावर ते आपोआप उतरलं.

मग दुसरा बदल. रस्सा रविवारी, एकदाच, मटण चरबी काढून. दूध साय काढलेलं. शेंगदाण्याचं कूट ठेवलं, त्यातली चरबी बहुतेक असंपृक्त. रोज कुठलं तरी कडधान्य, घेवडा, पेरू, आणि रात्री पाण्यातून इसबगोल. पित्त तयार करायला यकृत कोलेस्टेरॉलच वापरतं. या पदार्थांतला विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा, चोथा ते पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो, मग नवीन पित्तासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. हे समजल्यापासून उसळीकडं बघायची माझी नजरच बदलली.

इन्सुलिनचं मला लेथवरून उमगलं. टूलची धार गेली तरी स्पिंडल तेवढ्याच आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांनी, फिरतो, पण मोटर जास्त अँपिअर, म्हणजे जास्त वीज, ओढते. आरपीएम बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. तसं पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून साखर जागेवर ठेवतं, कितीतरी वर्षं. मीटर म्हणजे आरपीएम. अँपिअर बघायला लॅबच हवी. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ नं भागलं की पेशी इन्सुलिनला किती दाद देत नाहीत याचा एक अंदाज मिळतो, आकडा जितका मोठा तितकं वाईट. माझा जुलैत जवळजवळ ५ होता.

एप्रिलचे आकडे : साखर ९९, एचबीए१सी ५.७, इन्सुलिन ११, म्हणजे तो अंदाज २.७. ट्रायग्लिसराइड १३९, एलडीएल १२४. वजन सहा किलोनं उतरलं, यातलं बरंच श्रेय त्यालाही असणार. एचडीएल मात्र ३८ वरच अडलंय.

मीटरला पाचपैकी चार तारे, पण दर तीन-चार महिन्यांनी लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी) तपासणार असाल तरच. आधीच इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर माझं बघून भाकरी कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या आईला गोळ्या आहेत, म्हणून तिचं ताट मी बदललेलं नाही, फक्त काकडी-कांदा आधी वाढतो.

एलडीएल अजून खाली हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. ऑगस्टमध्ये परत तपासणी आहे. तेव्हा ते १०० च्या जवळ आलं नसेल तर गोळी सुरू करायची, हे आमचं ठरलंय. तोवर रोज रात्री जेवल्यावर आम्ही दोघं रंकाळ्यावर चालून येतो.